पात्यावरचा हार
देव्हाऱ्यातला सुकलेला झेंडू उतरवताना त्याचा कडवट वास बोटांना लागतो आणि मला तारापूरच्या बांधकामावरचं विटा कापायचं विजेचं यंत्र आठवतं. साठीच्या दशकाची ती अखेर असेल. दसऱ्याला आम्ही त्याची पूजा केली, पात्याला हळदकुंकू लागावं म्हणून वरचं झाकण काढलं आणि हार थेट पात्यालाच घातला. दुसऱ्या सकाळी मी बटण दाबलं, तर वीज नव्हती; बटण तसंच चालू राहिलं. माझा जोडीदार जवळच्याच दांडी गावचा कोळी, एरवी घरी जाळी विणणारा. हार काढायचा राहिलाय हे त्याच्या ध्यानात आलं. पात्यावर वाकत तो म्हणाला, ‘‘काय रं घाट्या, पिलग काढलास ना? नायतर देवी आज माजाच निवेद घेल!’’ प्लग विटांच्या ढिगापलीकडे होता. मला उठायचा कंटाळा आला. बसल्या जागेवरून मी हसत म्हटलं, ‘‘काढलाय, काढलाय.’’ तेवढ्यात वीज आली. त्याची दोन बोटं गेली. साहेबांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘माजीच चूक हाय,’’ आणि मी गप्प राहिलो. जखम भरल्यावर तो परत कामावर आला, माझ्याशी पूर्वीसारखाच हसला-बोलला. फक्त पात्याला हात लावण्याआधी त्याने मला काही विचारलं नाही. ढिगाला वळसा घालून तो स्वतः गेला आणि प्लग काढून आला. आजही बायकोने ‘‘गॅस बंद केलात ना?’’ विचारलं, की मी उठून बघून येतो, मगच हो म्हणतो. तिला वाटतं, माझा स्वभावच काळजीचा.