देवजीभाऊंची राखण

‘श्रमदान’ हा शब्द कानावर पडला की देवजीभाऊ तोंडातली तंबाखू थुंकायचे. मोखाड्याजवळच्या पाड्यावरच्या आमच्या शाळेत मी घेतलेल्या पहिल्याच सभेत ते उठले, दाराबाहेर थुंकून आले आणि म्हणाले, “गुरुजी, दान भिकाऱ्याला देतांत. आमची ही सावड हाय.”

सावड म्हणजे आज माझ्या भातलावणीला तू, उद्या तुझ्या लावणीला मी. भाऊंनी हीच रीत पाड्यामागच्या बोडक्या टेकडीला लावली होती. रोज एका घरानं राखण करायची, टेकडीवर कुऱ्हाड किंवा शेळी चढू द्यायची नाही. कुणाकडे आजारपण असलं तर शेजाऱ्यानं त्याची पाळी उचलायची. रोप एकही लावलं नव्हतं. ऐनाच्या, सागाच्या तोडलेल्या बुंध्यांना फुटवे यायचे, त्यातला सरळ तेवढा ठेवून बाकीचे विळ्यानं काढायचे. सहा वर्षांत ते पुरुषभर उंच झाले आणि होळीलाच आटणारा झरा मे महिना गाठू लागला. भाऊ म्हणायचे, “मूळ तर जितं हाय. तेला निवांत पायजे, बस.”

मग जव्हारच्या दोन संस्था, एक कॉलेज आणि एक कंपनी यांची श्रमदानातून झाडं लावण्यासाठी संयुक्त समिती झाली. अक्षर बरं म्हणून सचिव मी. टेकडीसाठीच्या अर्जात ‘लावलेली रोपे’ असा रकाना होता, राखलेल्या फुटव्यांना जागाच नव्हती. मी बिनदिक्कत लिहून दिलं, ‘मोकळी जागा, किरकोळ झुडपे.’ त्या ओळीची मला आजही शिसारी येते.

समितीनं दिवस ठरवला तोही ऐन लावणीतला. अख्खा पाडा खाचरात वाकलेला, ‘गुरुजी आहेत’ म्हणून राखणीलाही कुणी नव्हतं. इकडे एकसारखे टीशर्ट घातलेली मंडळी बसमधून उतरली. त्यांनी ‘झुडपं’ सपासप तोडली, खड्डे खणले, गुलमोहर लावले, फोटो काढले आणि तोडलेल्या फुटव्यांच्या ढिगावर बसून वडापाव खाल्ले. मीही खाल्ला.

संध्याकाळी भाऊ चिखलाच्या पायांनी वर आले. मी चूक कबूल केली, पुढच्या वर्षी भरून काढू असं काहीबाही बोललो. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते ढिगातला एक सरळ फुटवा उचलून म्हणाले,

“सहा वरसां आमी शेळ्या बांधून ठेवल्या, गुरुजी. उद्या सोडतो.”

दुसऱ्या दिवशी टेकडीवर पहिली शेळी चढली ती भाऊंचीच.