दौंडचं उत्तर

सुलक्षणाबाई रणपिसे कुणाच्याही लग्नाला गेल्या की त्यांचं सगळं लक्ष एका प्रश्नाकडे असे. नवरा-नवरी चर्चमध्ये वेदीसमोर उभे राहिले की पाळकसाहेब मंडळीकडे वळून विचारतात, या लग्नाला कुणाची योग्य हरकत असेल तर ती आत्ताच सांगावी, नाहीतर जन्मभर गप्प राहावं. मग थोडा वेळ कुणीच बोलत नाही. शिरूरला, त्यांच्या माहेरी, नेमक्या त्या शांततेत एका म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली होती. नवरीच्या बापाचं तोंड पांढरंफटक पडलं आणि खोकला थांबेपर्यंत लग्न तिथंच अडकून राहिलं. लोक पुढं कितीतरी वर्षं ती गोष्ट सांगून हसत. लहानग्या सुलक्षणेला मात्र हसू आलं नव्हतं. खरंच कुणी उठलं असतं तर, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही.

स्वतःच्या लग्नात तिनं त्या प्रश्नाला डोळे घट्ट मिटून घेतले. कुणी उठलं नाही. रेल्वेतल्या गार्डच्या लग्नाला हरकत घ्यायला दौंडमध्ये कुणाला सवड होती!

दौंडचं चर्च दगडी, गोऱ्या ड्रायव्हर-गार्डांसाठी बांधलेलं. गोरे गेले, त्यांच्या कबरी राहिल्या आणि चर्च आपल्या मंडळीकडे आलं. तिथं सुलक्षणाबाईंच्या वाट्याला एकच काम आलं, आणि ते त्यांनी इतकी वर्षं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. वेदीवरची कापडं त्या धूत. दर शनिवारी नीळ, खळ, कडक इस्त्री, आणि रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन ती वेदीवर अंथरायची. नवरा गेला त्या आठवड्यातही कापडं वेळेवर पोचली. चार लोकांत उभं राहून शास्त्रवाचन करायला सांगितलं तर त्या दुसऱ्या कुणाला तरी पुढं करत, पण त्या कापडावर एक डाग दिसला तर सेक्रेटरीलाही सुनावायला कमी करत नसत.

प्रांजल ही एकुलती एक लेक. प्रभुभोजनाला दोघी कठड्याशी शेजारी-शेजारी गुडघे टेकत. बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून तिचं दृढीकरण केलं, तिला मंडळीची पूर्ण सभासद करून घेतलं, त्या दिवशी पोरीनं पहिल्यांदा द्राक्षारसाच्या प्याल्याला ओठ लावले आणि आईच्या कोपराला कोपर टेकवून तशीच राहिली. सुलक्षणाबाईंच्या सगळ्या आयुष्यातलं सुख काढून मोजायचं म्हटलं तर ते त्या कठड्याशी होतं.

मग पुण्यात इंजिनीअरिंग, मग अमेरिकेत नोकरी. आणि गेल्या नाताळात प्रांजलनं फोनवर सांगितलं की ती लग्न करतेय, क्लेअर नावाच्या मुलीशी.

सुलक्षणाबाई दोन महिने फोनवर ‘जेवलीस का’ याच्यापुढं गेल्या नाहीत. त्यांना लाज वाटली, राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. कोर्टात सही केली असती तर डोळेझाक तरी करता आली असती. पण हे लग्न चर्चमध्ये होणार होतं. तिकडचं एपिस्कोपल चर्च आपल्याच नात्यातलं, आपल्यासारखेच बिशप, तशीच वेदी, तसंच पांढरं कापड, असं प्रांजल सांगत होती आणि आईला तेच सोसत नव्हतं. त्यांनी शास्त्र उघडलं, प्रार्थना केली, उत्तर मिळालं नाही. ज्यांना उत्तर मिळालं होतं असे लोक मात्र दौंडमध्ये चिक्कार निघाले.

त्यात पहिले बबनराव. सुलक्षणाबाईंचे धाकटे दीर, चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. माणूस वाईट नाही. भाऊ गेल्यावर प्रांजलची कॉलेजची फी यानंच भरली होती. पण कमिटीत बोलणं झालं होतं, आणि ते सांगायला ते दारात उभे राहिले तेव्हा त्यांना वहिनींच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

लग्न मोबाईलवर बघायला कुणी मनाई करत नाही, ते म्हणाले. आईचं काळीज असतं. पण या घरातनं त्या लग्नाला होकार गेला, तर वेदीच्या कापडाला हात लावता येणार नाही. तुम्ही बघा आणि गप्प बसा. मीही शेजारी बसेन आणि गप्प बसेन, म्हणजे उद्या कुणी काही विचारलं तर मला सांगता येईल.

सुलक्षणाबाईंनी विचार केला आणि त्यांना हायसं वाटलं. लग्नात पाहुण्यांना विचारतात तो प्रश्न एकच. त्याला गप्प राहिलं की लग्न पार पडतं. लेकीचंही होतं, कापडंही राहतात. गप्प बसणं इतकं सोयीचं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

तिकडे शुक्रवारची संध्याकाळ, इकडे शनिवारची सकाळ. व्हिडिओ कॉल लावून, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून दोघं खुर्च्यांवर बसली. प्रांजलनं पांढरी साडी नेसली होती. शेजारी ती क्लेअर, उंच, घाबरलेली, सारखी नाक पुसणारी. सुलक्षणाबाईंना तिचा राग धरून ठेवायचा होता, पण नवरी रडायला लागली की त्यांना राग धरता येत नसे. पाळक बाई होत्या. त्यांच्यामागं वेदी दिसत होती आणि कापड चांगलं इस्त्री केलेलं होतं.

मग तो प्रश्न आला. इंग्रजीतला, तरी दोघांनी ओळखला. सुलक्षणाबाईंनी डोळे मिटले. बबनरावांनी हाताची घडी घातली आणि शब्द पाळला. तिकडंही कुणी बोललं नाही.

सुलक्षणाबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण पाळकबाई पुन्हा लोकांकडे वळल्या आणि त्यांनी आणखी काहीतरी विचारलं. सगळं चर्च एकदम मोठ्यानं उत्तरलं. दौंडच्या विधीत असलं काही नव्हतं. मग पाळकबाईंनी थेट तिकडच्या मोबाईलकडे पाहिलं. तिथल्या लोकांनीही माना वळवल्या. प्रांजल दोन पावलं पुढं आली.

“आई, काका, त्या विचारतायत, आमचा संसार टिकावा म्हणून तुम्ही आम्हाला सांभाळून घ्याल का? इथले सगळे हो म्हणाले. आता तुम्हाला विचारतायत.”

पहिल्या प्रश्नाला गप्प राहणं म्हणजे जा, सुखानं लग्न कर. या प्रश्नाला गप्प राहणं म्हणजे नाही. सुलक्षणाबाईंच्या ते लख्ख ध्यानात आलं. बबनरावांनी त्यांच्याकडे बघून हळूच मान हलवली. नको. पलीकडे प्रांजल हसायचा प्रयत्न करत होती, ते हसू हळूहळू ओसरत चाललं होतं.

“व्हय,” सुलक्षणाबाई म्हणाल्या. आवाज फाटला, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. “मी घेईन.”

पलीकडे टाळ्या झाल्या. प्रांजलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बबनराव उठले आणि मोबाईलच्या नजरेतून बाजूला भिंतीशी जाऊन उभे राहिले.

“वहिनी, काय केलंत हे. पापाला होकार दिलात.”

“पाप हाय का न्हाई, ते मला अजून कळलेलं न्हाई, भाऊजी. रोज विचारते मी देवाला. पण पोरगी सगळ्यांपुढं विचारत व्हती. तिला मी तशीच उभी ठेवू व्हय?”

बबनरावांचेही डोळे भरले होते. तरी ते म्हणाले, “मला कमिटीत सांगावं लागंल. उद्यापासनं कापडं मंडळीतल्या मायाबाई बघतील. सांजच्याला तेवढी धाडून द्या.”

सुलक्षणाबाई उठल्या. आतल्या कपाटातून त्यांनी रविवारची कापडं काढली. या आठवड्याचं लग्नामुळं एक दिवस आधीच उरकलं होतं, कडा जुळवून घड्या घातल्या होत्या. ती त्यांनी बबनरावांच्या हातात दिली.

“आत्ताच घेऊन जावा,” त्या म्हणाल्या. “सांजच्याला माझ्यानं देववणार न्हाईत.”

आणि त्या पुन्हा मोबाईलसमोर येऊन बसल्या. अंगठ्या अजून घालायच्या होत्या.