आमची घरं वाचवणारा आमदार

आमचा आमदार एके काळी माझा विद्यार्थी होता. डोंबिवली पश्चिमेच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवलं, तिथे तो दहावीपर्यंत होता. अभ्यासात बेताचाच, पण मुलांची भांडणं झाली की ती माझ्याकडे यायच्या आधी त्याच्याकडे जायची. पुढे तो मोठा झाला, लोक त्याला भाऊ म्हणायला लागले, तरी मी दिसले की तो गाडीतून उतरून 'बाई' म्हणून हाक मारायचा. चारचौघांत मी त्याला अहो-जाहो करायचे, एरवी अरे-तुरे.

घराणं इथलंच, जुनं. आजोबांची खाडीच्या बाजूला भातशेती होती. त्या जमिनीवर त्याच्या काकांनी इमारती उठवल्या आणि कोपरची आमची इमारत त्यांतलीच एक. ती अनधिकृत आहे हे घर घेताना आम्हा सगळ्यांनाच थोडंफार ठाऊक होतं. नळाला पाणी होतं, वीज होती, घरपट्टी भरून घेत होते. याहून जास्त चौकशी करायची म्हणजे घर घ्यायचंच नाही. एमआयडीसीतल्या कारखान्यातली नवऱ्याची नोकरी आणि माझा पगार मिळून आम्हाला परवडेल असं दुसरं घर स्टेशनच्या जवळपास नव्हतं.

मग एके सकाळी महापालिकेचं पथक आलं. पोलीस, जेसीबी, सगळा लवाजमा. बायका गॅसची शेगडी आणि देव घेऊन खाली उतरल्या. तो तेव्हा केबलचा धंदा करायचा, निवडणूक वगैरे लढलेला नव्हता. कुणीतरी त्याला फोन केला. तो आला, नाक्यावरच्या वडापाववाल्याची प्लास्टिकची खुर्ची उचलून आणली आणि जेसीबीसमोर टाकून बसला. अधिकाऱ्याला म्हणाला, "बांधलं माझ्या काकाने. आधी त्याला उचला. या लोकांना कशाला रस्त्यावर आणता?" दुपारपर्यंत तो हलला नाही. संध्याकाळी वकील स्टे घेऊन आला आणि पथक परत गेलं. त्या दिवशी आमच्या इमारतीत एकाच मोठ्या पातेल्यात भात शिजला आणि तो आमच्यासोबत जिन्यात बसून जेवला.

त्यानंतर तो नगरसेवक झाला आणि मग आमदार. त्याच्या राजकारणाला एकच पाया होता, आमची घरं. छप्पर दिल्याशिवाय छप्पर काढायचं नाही, हे तो प्रत्येक सभेत बोलायचा. विधानसभेत त्याने लक्षवेधी मांडली, अनधिकृत इमारतींतल्या रहिवाशांना संरक्षण द्या, घरं नियमित करा म्हणून भाषणं केली. आम्ही ती भाषणं मोबाईलवर बघायचो. कल्याण-डोंबिवलीत जिथे नोटीस लागायची तिथे तो पोचायचा आणि कारवाई थांबवायचा. रस्त्यांसाठी, पाण्यासाठी दुसरे आमदारही भांडायचे, पण आम्हाला रात्री झोप लागायची ती त्याच्यामुळे.

आमच्या मागच्या गल्लीतली इमारतही त्याच्या काकांनीच बांधलेली आणि त्यानेच वाचवलेली. एका श्रावणात, भर दुपारी, तिच्या वरच्या मजल्यावरचा स्लॅब खाली आला. एक मजला घेऊन दुसरा, असा तळमजल्यापर्यंत. माझ्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी आणि तिची आजी त्यात गेली. मुलगी त्या दिवशी ताप आला म्हणून घरी राहिली होती. सकाळी हजेरी घेताना मी तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं होतं.

तो अग्निशमन दलाच्या गाडीच्या पाठोपाठच आला. ढिगारा उपसेपर्यंत पावसात उभा होता. मी जवळच होते. मला वाटलं आता लोक त्याच्या अंगावर जाणार. कुणी गेलं नाही. उलट त्या मुलीची आई, जी कामावरून धावत आली होती, तिने त्याच्यासमोर हात जोडले. म्हणाली, "भाऊ, तुम्ही होतात म्हणून इतकी वर्षं तरी राहिलो."

मी त्याच्याकडे बघितलं. कानाखाली बसावी तसा त्याचा चेहरा झाला होता. तो गाडीच्या मागे गेला आणि ओकला.

पुढच्या अधिवेशनात तो जे बोलला ते त्याच्या पक्षातल्या कुणाला अपेक्षित नव्हतं. तो म्हणाला की धोकादायक इमारती ताबडतोब रिकाम्या करायला हव्यात, आपण मिळवलेले स्टे चूक होते. सरकारने आधी भाड्याची घरं द्यावीत आणि ज्यांनी अशा इमारती बांधल्या, ज्यांनी त्यासाठी जमिनी दिल्या, त्यांच्यावर मनुष्यवधाचे गुन्हे लावावेत. जमीन देणारा आणि बांधणारा म्हणजे त्याचाच काका, हे सभागृहात सगळ्यांना माहीत होतं. मंत्र्यांनी सदस्यांच्या भावनांशी आपण सहमत आहोत असं उत्तर दिलं आणि पुढचा विषय पुकारला गेला. पुढे तपास झाला आणि काकांना अटक झाली. घरच्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. नवरात्रात ठाण्याला टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला गेलो तेव्हा त्याच्या आई भेटल्या. त्यांनी मुलाबद्दल एक शब्द काढला नाही, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि गर्दीतून पुढे गेल्या.

मग इमारतींच्या मजबुतीचं ऑडिट झालं आणि आमची इमारत तातडीने रिकामी करायच्या इमारतींत निघाली. तो एका रविवारी स्वतः आला. खाली पार्किंगमध्ये सगळे जमलो. त्याने खांबांचं प्लास्टर आदल्या दिवशी खरवडून घेतलं होतं. आतली सळई गंजून सुतळीएवढी झाली होती. ती दाखवून तो म्हणाला की पावसाच्या आधी निघा.

माझ्या नवऱ्याने विचारलं, "निघतो. पण जायचं कुठे?"

"सरकारने भाड्याची घरं कबूल केलीत, काका. कधी देतील ते मला सांगता येत नाही. खोटं सांगत नाही तुम्हाला."

लोकांत कुजबुज सुरू झाली. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. नवरा लवकर गेला, खानावळीत पोळ्या लाटून त्यांनी ते घर घेतलेलं. त्या पुढे आल्या. आवाज चढवला नाही. "तू खुर्ची टाकून बसलेलास, तेव्हा ही बिल्डिंग चांगली होती का रे?"

"तेव्हाही वाईटच होती, काकू. तेव्हा मी बघितलं नाही."

"मग आता का बघितलंस?"

काकू जिना चढायला लागल्या आणि त्यांच्या मागोमाग बाकीचेही. आम्ही दोघं आणि तो, एवढेच खाली उरलो. तो म्हणाला, "बाई, तुम्ही तरी निघा." मी हो म्हटलं. त्या मुलीचा रिकामा बाक मी रोज बघत होते, मला दुसरं काही सुचतच नव्हतं. नवऱ्याला पटायला वेळ लागला. घरात आम्ही बरेच दिवस कामापुरतंच बोललो, आणि शेवटी टिटवाळ्याला भाड्याने गेलो. निघताना कुणी सामानाला हात लावला नाही. आमच्यासारखी आणखी काही घरं निघाली, बाकीची राहिली.

राहिलेल्यांचं पाणी महापालिकेने तोडलं. तेव्हा विरोधी पक्षाचा एक उमेदवार टँकर घेऊन आला आणि एकही घर पडू देणार नाही असं सांगून गेला. आमच्या आमदाराला पक्षाने तिकीट नाकारलं. तो अपक्ष उभा राहिला आणि प्रचारातही तेच बोलत राहिला, इमारती रिकाम्या करा. असं बोलून कोण निवडून येतं? आमच्या वस्तीतच त्याला सगळ्यांत कमी मतं पडली. टँकरवाला आमदार झाला. पाणी पुन्हा सुरू झालं. रहिवाशांनी वर्गणी काढून इमारतीला बाहेरून पिवळा रंग दिला.

मध्यंतरी त्या मुलीच्या आईसोबत ठाण्याला कोर्टात गेले होते. त्या पडलेल्या इमारतीच्या खटल्यात काका जामिनावर सुटलेत, तारखा पडत राहतात. आमचा जुना आमदार आधीच येऊन बसला होता. प्रत्येक तारखेला येतो म्हणे. त्याही दिवशी पुढची तारीख मिळाली. बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. वाळलाय खूप. आमच्या इमारतीचं विचारलं त्याने.

"उभी आहे," मी म्हटलं. "रंग दिलाय."

"ऐकलं." तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. "चांगलंय, उभी आहे ते. लोक मला तोंडावर विचारतात, कुठे पडली तुझी बिल्डिंग? काय सांगू? पडावी असं थोडंच वाटतं, बाई."

चहाचे पैसे मी दिले. तो पुन्हा निवडणुकीला उभा राहणार का, हे मी विचारलं नाही.

आम्ही अजून टिटवाळ्यालाच आहोत. नवऱ्याच्या मनातून कोपरचं घर गेलेलं नाही. तिथल्या जागांचे भाव कुणी सांगितले की ते उठून गॅलरीत जातात. मी तिकडे गेले होते एकदा, काकूंनी पोहे केले, पण शेजारच्या बाई मला ऐकू जाईल असं म्हणाल्या की घाबरट लोक गेले ते बरं झालं. मी पोहे खाता खाता वर छताकडे बघत होते. काकूंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी पंख्याचा वेग वाढवला.

पाऊस जोरात लागला की मी काकूंना फोन करते. काहीतरी निमित्त काढते, भाजणीचं प्रमाण विचारते किंवा त्यांच्या मुलीची खुशाली. त्यांना फोन घ्यायला वेळ लागला की मी रिंगा मोजत बसते. परवा बऱ्याच वेळाने उचलला. मी भाजणीचं सुरू करायच्या आत त्या म्हणाल्या, "अगं, आहे मी जिवंत. कपडे काढत होते दोरीवरचे. ठेव आता."