रुमालात बांधलेलं कम्युनियन

आमच्या बुलढाण्यात प्रसाद घरी न्यायचाच असतो. सत्यनारायण कुणाकडेही असो, आमच्या ख्रिस्ती घरातलं जे कुणी गेलं नाही, त्याच्या नावाची पुडी शेजारीण बांधून देतेच. म्हणून माझ्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे चर्चमध्ये प्रभूचा प्रसाद पहिल्यांदा घ्यायच्या विधीला, फादरांनी हातावर ठेवलेली ती पातळ पांढरी भाकर मी खाल्ली नाही, रुमालात बांधली. आई पाय मोडून घरी पडलेली होती.

चर्चमधल्या सिस्टरनं दारातच अडवलं. "हे प्रभूचं शरीर आहे! घरी न्यायचं नसतं, इथंच खायचं."

"मंग माह्या मायले कोण देईन?" मी मूठ उघडलीच नाही. "देव का फक्त चालणाऱ्याइचाच हाय?"

फादरांनी मला तिथंच ती खायला लावली. पण दुपारी एक छोटी डबी घेऊन ते घरी आले, खाटेशी प्रार्थना म्हटली आणि आईच्या जिभेवर कम्युनियन ठेवलं. म्हणजे आजाऱ्यांना घरी नेऊन द्यायची रीत चर्चमध्ये होतीच. आईची आठवण तेवढी कुणाला झाली नव्हती!

सिस्टरची माफी माग, असं सगळे म्हणाले. आज, इतक्या वर्षांनी, चर्चकडून आजाऱ्यांच्या घरी ती डबी मीच नेते. माफी अजून मागितलेली नाही.