तिरळं बदक सरळ झालं तेव्हा

आमच्या मोठ्या जाऊबाईंनी उभ्या जन्मात एकच काम बिघडवलं, आणि तेही दुरुस्त करून! ऐकून हसू येतं ना? मलाही आलं असतं. पण त्या सकाळी मी तिथेच हातात गरम इस्त्री धरून उभी होते.

आमचं घर एक आणि आम्ही कामाला जातो तो स्वेटरचा कारखानाही एकच. भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, विणायच्या हातमशीनवर. मी शेवटी इस्त्रीला. आणि मधे खिडकीपाशी जाऊबाईंचं टेबल. सुटलेला टाका पकडायचा, वाकडी शिवण उसवून सरळ करायची, भोक बुजवायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या टेबलावर जे पडलं ते दुरुस्तीचं, हा कारखान्याचा नियमच होता. कुणी काही सांगायचं नाही, त्यांनी काही विचारायचं नाही. आणि नजर तरी कसली! डॉक्टर त्यांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघत होते, तर बाईंचं लक्ष डॉक्टरांच्या उसवलेल्या बाहीकडे. "सुईदोरा आहे का हो?" म्हणे. मी शरमेनं अर्धी झाले.

भाऊजींना आपल्या हाताचा भारी अभिमान. "माझ्या मशीनवरून आजवर टाका सुटला नाही," हे इतक्यांदा ऐकलंय की मी त्यांच्याआधी म्हणून दाखवायची. संध्याकाळी घरी आले की टीव्हीवर त्यांची लाडकी कार्टून मालिका. एक ढेरपोट्या बाप, त्याची सदा करवादलेली बायको, आणि त्यांच्या न्हाणीघरात राहून सगळ्यांना अक्कल शिकवणारं तिरळं बदक. भाऊजी ठसका लागेपर्यंत हसायचे. जाऊबाई त्याच खोलीत टीव्हीकडे पाठ करून डोळे मिटून बसायच्या. "दिवसभर डोळे फोडून येते, आता बदक कोण बघणार?" वर्षानुवर्षं त्यांनी ती मालिका नुसती ऐकली. हे लक्षात ठेवा, कारण घोळ इथेच आहे.

यंदा जाऊबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि मागे मालकीणबाईंनी एक विचित्र ऑर्डर घेतली. एका मोठ्या ऑफिसात थंडीतली पार्टी होती, सगळ्यांनी त्याच मालिकेचे स्वेटर घालून यायचं, आणि ज्याचा सगळ्यात कुरूप त्याला बक्षीस! "कुरूप?" मी म्हटलं, "मुद्दाम?" मालकीणबाई म्हणाल्या, "मुद्दाम. जितका भयंकर, तितकं गिऱ्हाईक खूश." मी कपाळाला हात लावला. चांगलं विणायला जन्म जातो, आणि लोक वाईटासाठी रांग लावतात!

भाऊजी मात्र हरखले. त्यांचंच बदक ते. एक बाही आखूड, एक लोंबती. रंग असे की डोळ्यांत खुपावेत. बदकाचा एक डोळा आभाळात, एक जमिनीवर, जीभ लोकरीची, बाहेर लटकती, आणि ढेरपोट्याच्या बेंबीला गोंडा. बघून आमची हसून हसून पुरेवाट झाली. माल तयार झाला, पण ऑर्डर आणणारी दुकानवाली तो न्यायला येईपर्यंत ठेवायला जागा नव्हती. खिडकीपाशचं टेबल रिकामंच होतं. कुणीतरी ढीग तिथे ठेवला, आणि जोडून आलेल्या सुट्टीला आम्ही घरी गेलो.

त्याच सुट्टीत जाऊबाई लवकर परतल्या. बाळ आठवडाभराचंसुद्धा नव्हतं. "एवढी काय घाई?" मी विचारलं. "तिची सासू आहे तिथे," म्हणाल्या, आणि पिशवी खाली ठेवतात न ठेवतात तोच "जरा कारखान्यात जाऊन येते" करून निघाल्या. किल्ली त्यांच्याकडे असायचीच. दुसऱ्या दिवशीही गेल्या. साचलेलं काम उरकत असतील, म्हणून मी काही विचारलं नाही. भाऊजी तर टीव्हीसमोर होते.

मग ती सकाळ. दुकानवाली आली. मालकीणबाईंनी मोठ्या कौतुकानं पहिला स्वेटर उलगडला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दुसरा उलगडला, तिसरा उलगडला. अगं बाई गं! बदक सरळ बघत होतं! दोन्ही डोळे एका रेषेत, चोच मिटलेली, जीभ गायब, जणू ओळखपत्राच्या फोटोला बसलंय. दोन्ही बाह्या सारख्या. बेंबीचा गोंडा कापून तिथे इतकी सुबक वीण भरलेली, की बेंबी होती की नव्हती असं वाटावं. माझ्या इस्त्रीखाली कुणाची तरी कॉलर जळत होती आणि मला पत्ता नव्हता.

"आज संध्याकाळी पार्टी आहे हो!" दुकानवाली जवळजवळ रडायलाच लागली.

"कोणी केलं हे?" मालकीणबाई कडाडल्या. पण असे टाके घालणारा हात कारखान्यात एकच होता. सगळे खिडकीकडे बघायला लागले.

जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. "माझ्या टेबलावर होते," एवढंच म्हणाल्या.

"काकू, अहो मुद्दाम केलं होतं ते वाकडं!" दुकानवाली म्हणाली. " गिऱ्हाइकाला तसंच हवं होतं!"

"मुद्दाम?" जाऊबाईंनी खिडकीची चौकट धरली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटकेचं हसू आलं, आणि त्या भरात तोंडातून निघून गेलं, "मला वाटलं, यांचे हात पार गेले."

मशीनची खटखट थांबली. "माझे हात?" भाऊजी म्हणाले. "माझ्या हातांना काय झालंय?"

जाऊबाईंनी जीभ चावली, पण सुटलेला शब्द म्हणजे काही टाका नव्हे, सुईनं पकडायला. भाऊजी उठून टेबलापाशी आले. "बोल ना. माझ्या मशीनवरून कधी टाका सुटला?"

जाऊबाई खाली बघत म्हणाल्या, "सुटतो. गेल्या हिवाळ्यापासून सुटतोय. तुमचा हात थरथरतो. मी रोज... रोज नाही हो, अधूनमधून." खोटं बोलायला त्यांना कधी जमलंच नाही. "लेकीकडे जीव लागेना. वाटलं, माझ्यामागे कोण सांभाळून घेणार? मशीन काढून घेतील तुमच्याकडून. आणि आल्या आल्या हा ढीग बघितला..."

मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. भाऊजींनी विणलेलं प्रत्येक कापड माझ्या इस्त्रीखालून गेलं होतं. एका घरात राहून, एका ताटात जेवून मला काही दिसलं नव्हतं. भाऊजींनी आपला उजवा हात समोर धरला आणि परक्याचा असावा तसा बघत राहिले. बोटं थरथरत होती. त्यांनाही तेव्हाच दिसलं.

शेवटी मालकीणबाईच म्हणाल्या, आवाज उतरवून, "ते नंतर बघू. आधी संध्याकाळचं बघा."

सगळ्या बाया कामाला बसल्या. बाह्या उसवणं झालं, गोंडे लागले. डोळ्यांचं काम जाऊबाईंकडे. त्यांनी सुई घेतली, पण काही केल्या टाका वाकडा पडेना! तीनदा उसवला, तीनदा बदकानं सरळच बघितलं. घामाघूम झाल्या बिचाऱ्या. तेव्हा भाऊजी स्टूल ओढून शेजारी बसले. "आण इकडे," म्हणाले. "ओवून दे तेवढी."

जाऊबाईंनी सुई ओवून दिली. जन्मात सुई न धरलेला तो माणूस थरथरत्या हातानं बदकाचे डोळे घालत गेला. असे तिरळे डोळे मुद्दाम कुणाला घालता आले नसते. दुकानवाली टाळ्या पिटत म्हणाली, "काका, सांगितलं होतं त्यापेक्षा भारी!" आमच्यातलं कुणी हसलं नाही. माल गेल्यावर भाऊजी मशीनपाशी गेले, अर्धवट राहिलेलं कापड उतरवलं, शेजारच्या बाईला म्हणाले, "उद्यापासून हे तू चालव," आणि परत येऊन स्टुलावर बसले.

संध्याकाळी टीव्ही लागला. जाऊबाईंनी खुर्ची वळवली आणि पहिल्यांदा समोर बघितलं. "अगं बाई!" त्या ओरडल्याच. "हे खरंच तिरळं आहे!"

"मग? मी काय खोटं विणलं?" भाऊजी म्हणाले. पण त्यांचं लक्ष टीव्हीकडे नव्हतं. हात मांडीवर पालथे ठेवून ते त्या हातांकडेच बघत होते.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," थोड्या वेळानं ते म्हणाले. "तू चल बरोबर. आणि त्यांच्या बाहीकडे बघू नकोस. माझं काय ते नीट ऐक."

जाऊबाईंनी मान हलवली. मग पदर तोंडाला लावून त्या वर्षभराचं रडल्या, आणि भाऊजींनी टीव्हीचा आवाज वाढवला, म्हणजे आम्हाला बाहेर ऐकू येणार नाही. मी दाराआडच उभी होते. मला सगळं ऐकू आलं.