आईच्या स्वयंपाकघरातलं शिकागो

अकोला स्टेशनवर गाडी सुटता सुटता आईनं विचारलं, “तू तिथं पोचशीन तवा इथं किती वाजले असतीन?” मी कॉम्प्युटरवाला. मनात आकडे जुळवेपर्यंत ती खिडकीतून दिसेनाशी झाली.

शिकागोत काम मिळालं तेही तारीख-वेळेचंच. वेळ एकाच जागतिक घड्याळात साठवायची आणि दाखवताना बघणाऱ्याच्या गावची दाखवायची, हे मी दिवसभर करतो. माझ्यासारखे बाहेर पडलेले आणि तिकडेच राहिलेले, घरातल्या सगळ्यांना वाढदिवस-श्राद्धांची आठवण यावी म्हणून घरासाठी छोटं ॲपही केलं. गेल्या वर्षी त्यात आई गेल्याची वेळ भरली. बाबांच्या फोनवर शुक्रवारची सकाळ उमटली, माझ्या फोनवर गुरुवारची संध्याकाळ. प्रोग्राम तपासून पाहिला, चूक कुठेच नाही. मग आई गेली कोणत्या दिवशी? त्या गुरुवारी दुपारी, तिचे शेवटचे तास चालू असताना, मी ऑफिसात केक खात होतो, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

आता वर्षश्राद्ध आलं. पान कोणत्या दिवशी वाढू, म्हणून परवा बाबांनाच व्हिडिओवर विचारलं. ते भिक्षुकी करतात.

“माणूस जिथं असते, तिथलाच दिवस त्याचा. पत्रिका बी तशीच मांडतो आपण,” ते म्हणाले. “तुही माय अकोल्यात होती.”

पण होती का? स्वयंपाकघरात तिनं माझ्या वेळेचं वेगळं घड्याळ लावून घेतलं होतं. माझं जेवण व्हायच्या वेळेलाच तिचा फोन यायचा. इकडे वर्षातून दोनदा घड्याळं तासभर पुढेमागे करतात, तेव्हा ती बाबांना स्टुलावर चढवायची. “सरकार तिकडलं, अन् चढू मी,” असं म्हणत ते चढायचे.

इकडे नुकताच तास मागे गेला होता. बोलता बोलता बाबांच्या मागच्या भिंतीकडे लक्ष गेलं. माझ्या वेळेचं ते घड्याळ तासभर मागे केलेलं, अगदी बरोबर होतं.

“बाबा, ते कोणी लावलं?”

“मीच. तिले चुकलेलं चालत नसे.”



ॲपमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या घरची वेळ निवडावी लागते. आईपुढे अकोला लिहिलं, शुक्रवार ठरला. माझ्या नावापुढे इतकी वर्षं न अडखळता शिकागो होतं. परवा ते पुसलं. माझी वेळ अजूनही अकोल्यातल्या एका भिंतीवर चालू आहे, मग माझ्यापुढे काय लिहायचं ते मला कळत नाही. रकाना रिकामाच आहे.