गोबरगॅस गाळणारे मास्तर

आमच्या सौसर गावात दोन गोष्टी शेजारी ठेवाव्यात आणि आमच्या शाळेच्या विज्ञान-मास्तरांनी त्यांतली सरस कोणती हे तपासल्याशिवाय पुढं जावं, असं एकदाही घडलं नाही. शेजारच्या रामाकोना गावाला जायच्या दोन वाटा त्यांनी पावलं मोजून ताडून पाहिल्या होत्या. एका लग्नात दोन आचाऱ्यांची वांग्याची भाजी आलटूनपालटून इतक्या वेळा मागितली, की दोघेही रुसले. गोटमारीला, म्हणजे दोन गावांच्या दगडफेकीच्या जत्रेला, सारं पांढुर्णा जाम नदीच्या काठी धोंडे बघत उभं असायचं, तेव्हा हे ब्रह्मचारी गृहस्थ फुगेवाल्यापाशी बसून एकेका फुग्याचं रबर ताणून बघत.

"लेकरांसाठी पाहून राहिले का, गुरुजी?" फुगेवाल्यानं विचारलं.

"नाही बाप्पा, वायूसाठी," मास्तर म्हणाले.

कारण त्यांच्या डोक्यात गोबरगॅस शिरला होता. शेणाच्या वायूत जळणारा भाग असतो, तसा ज्योत मंद करणारा कर्बवायूही असतो, आणि पातळ रबरातून हा कर्बवायू आधी निसटतो. मग रबराची पिशवी बरी की लांब नळी? मास्तरांनी दोन्हींना सारखंच रबर लावलं आणि आम्हां शिक्षकांना शाळेच्या अंगणात बोलावलं. पिशवीतला वायू फुरफुरला नि विझला. नळीतून सावकाश आलेला मात्र निळा, स्थिर जळला. त्यावर त्यांनी कपभर चहा केला. शेणाचा वास येईल म्हणून धास्तावलेले हेडमास्तरही दुसरा घोट मागून प्याले.

"रबर तेवढंच आहे, भाऊ," मास्तर मला म्हणाले, "फक्त वायूले लांबून चालवलं."

हे सारं त्यांनी सरकारकडे पाठवायला वहीत मराठीत लिहिलं, आणि तेवढ्यात राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि कागद भोपाळला, हिंदीतून जायला लागले. मी हिंदीचा शिक्षक, म्हणून वही हिंदीत उतरवायला माझ्याकडे आली. "करून राहिलो, गुरुजी," मी दर आठवड्याला म्हणायचो, आणि वही उघडतही नसे. संत्र्याचे दोन हंगाम गेले. मग त्यांची दूर उत्तरेकडे बदली झाली. वही न्यायला आले तेव्हा "तुमच्यामागं किती कामं," असं उलट मलाच समजावून गेले.

वर्षभरानं टपालानं जाड पाकीट आलं. त्यांनी स्वतःच हिंदी शिकून सगळं उतरवलं होतं. हिंदीत वायू स्त्रीलिंगी. यांचा शेवटच्या पानापर्यंत पुल्लिंगीच. सोबत एक ओळ होती, "चुका तेवढ्या पाहून द्या." मी बसलो, आणि एका दुपारीत काम संपलं. दुसऱ्याच दिवशी पाकीट त्यांच्या पत्त्यावर टपालात टाकलं.

तीन आठवड्यांनी ते परत आलं. वर पोस्टमननं पेन्सिलीनं लिहिलं होतं, "गुरुजी नहीं रहे."

शाळेत कोणी विचारलं, तर मास्तर तिकडे मजेत आहेत, असं मी पुढं कितीतरी दिवस सांगत होतो.